बंकटच्या नावावरचा मासा

मोहनरावांच्या घरातल्या माशाला सगळं गाव ‘सभापती’ म्हणायचं. मोहनरावांच्या माघारी, हे वेगळं सांगायला नको. काचेच्या केबिनमध्ये राहायचं, मिशा हलवायच्या, आल्यागेल्याकडे एकदा डोळा वटारून बघायचं आणि सावकाश पाठ फिरवायची. मोहनराव पंचायत समितीचे सभापती होते तेव्हा त्यांचंही कामकाज साधारण असंच चालायचं. पुढे मोहनरावांचं पद गेलं. माशाचं राहिलं.

मासा अरोवाना जातीचा. लाल-सोनेरी, हातभर लांब, अंगावर रुपयाएवढाले खवले. तो आला तेव्हा जेमतेम वीतभर होता. परळीच्या वीज केंद्रातल्या राखेचा एक ठेकेदार निवडणुकीच्या तोंडावर तो घेऊन आला आणि बैठकीच्या ईशान्य कोपऱ्यात पेटी मांडून गेला. घरात सोन्याचा मासा फिरायला लागला की सत्ता घर सोडून जात नाही, असं त्याला पुण्याच्या कुठल्याशा वास्तुवाल्याने सांगितलं होतं. त्या निवडणुकीत मोहनराव पडले, आणि पडले तेही सख्ख्या चुलतभावाकडून. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून ठेकेदार चुलतभावाच्या ओट्यावर चहा प्यायला लागला. मासा तेवढा इमानदार निघाला, कारण त्याला पेटीतून निघून पक्ष बदलता येत नव्हता.

मोहनरावांना तो मासा डोळ्यांसमोर नको होता. पण लक्ष्मीसारखी वस्तू, ती अशी दुसऱ्याला देता येत नाही, टाकता तर त्याहून येत नाही. म्हणून तो राहिला आणि विमलबाईंच्या पदरात पडला.

विमलबाई माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि हा पठ्ठ्या ठेकेदाराने दिलेल्या डब्यातल्या गोळ्यांना तोंड लावेना. बाईंनी भाकरीचा चुरा टाकून पाहिला, भात टाकून पाहिला, एकदा तर साबुदाणाही टाकला. मासा उपाशी राहून दिवसेंदिवस पातळ व्हायला लागला. मग एकदा कडब्याच्या पेंढीतून आलेला एक नाकतोडा उडून पेटीत पडला आणि पाण्यावर टपकन आवाज झाला. पुन्हा पाहिलं तर नाकतोडा नव्हता आणि मासा मिशा हलवत होता. त्या दिवसापासून विमलबाई पदर खोचून सोयाबीनच्या बांधाला नाकतोडे धरायला लागल्या. एकेक धरताना माळेला हात लावून माफी मागायच्या. शेवटी जीव फारच खायला लागला तेव्हा त्यांनी सप्त्याला आलेल्या महाराजांना विचारलं. महाराज शहाणे होते. माळ तुमच्या गळ्यात आहे, माशाच्या नाही, असं म्हणून त्यांनी प्रश्न मिटवला.

विमलबाईंचा त्या माशावर जीव होता. उगाच आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, मोहनराव दिवसभर ओट्यावर माणसांत. विमलबाई बैठकीत आल्या की त्या घरात त्यांच्याकडे वळून बघणारा तो एकटाच होता. त्यांनी काचेला बोट लावलं की पेटीच्या दुसऱ्या टोकाहून तो बोटापाशी यायचा आणि बोट सरकेल तसा सरकायचा. दुसऱ्या कुणाच्या बोटाला तो भीक घालायचा नाही. मोहनरावांनी एकदा बोट लावून पाहिलं होतं. मासा खालून हलला नाही, आणि मोहनरावांनी पुन्हा त्या भानगडीत पडायचं सोडलं.

अशी सगळी शांतता असताना मोहनरावांचा पुतण्या हनुमान बीडहून बातमी घेऊन आला. हनुमान म्हणजे मोहनरावांचा उजवा हात, घरातला एकमेव माणूस ज्याला ऑनलाइन अर्ज भरता यायचा. कचेरीच्या कामाला गेलेला असताना त्याच्या कानावर आलं की सरकारने नवा नियम काढलाय. परदेशातल्या ज्या जाती त्यांच्याच मुलखात संपत आल्यात, त्यातलं काही कुणी घरात पाळलं असेल तर त्याची वन खात्याकडे नोंद करायची. मुदतीत नोंद केली की मासा कायद्याने आपला, पाळायला मोकळीक. नाही केली तर जप्ती, आणि वर खटला. आणि त्या यादीत अरोवाना होता.

विमलबाईंना पहिलं आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपला मासा ज्या नद्यांमधला, तिथे त्याच्या जातीचे आता फार थोडे उरलेत, दुकानात येतात ते सगळे शेततळ्यासारख्या तळ्यांत पैदास करून वाढवलेले, हे हनुमानने सांगितलं तेव्हा त्या उठून पेटीपाशी गेल्या आणि कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. तोवर इकडे मोहनरावांचा निर्णय होऊनही गेला होता.

तो निर्णय कळायला मोहनरावांच्या घराण्याची रीत ठाऊक पाहिजे. ‘नोंद’ हा शब्द कानावर पडला की या घरात पहिला विचार येतो तो कुणाच्या नावावर करायची याचा. जास्तीची जमीन काढून घेणारा सिलिंगचा कायदा आला तेव्हा मोहनरावांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, जमिनीचे तुकडे पाडले आणि ते आत्याच्या, मेव्हण्याच्या, सालगड्याच्या, पाळण्यातल्या पोरांच्या नावावर टाकले. गावात थट्टेने म्हणायचे, घोडीला सही येत नव्हती म्हणून ती सुटली. मोहनरावांनी तोच वारसा चालवला. रेशनचं दुकान मेव्हण्याच्या नावावर, ट्रॅक्टर भाच्याच्या नावावर. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा विमलबाईंच्या नावावर. बाई पाच वर्षं सरपंच होत्या आणि त्या काळात त्यांनी ग्रामपंचायतीची इमारत आतून दोनदा पाहिली, तीही झेंडावंदनाला.

तर मोहनरावांनी हनुमानला सांगितलं, मासा बंकटच्या नावावर टाक.

बंकट म्हणजे मोहनरावांचा सालगडी. मळ्यातल्या वस्तीवर राहायचा, त्यांची गुरं आणि स्वतःच्या चार शेळ्या राखायचा. त्याला बोलावून आधार कार्ड घेतलं, मोबाइलवर आलेला नंबर विचारून घेतला आणि पाच मिनिटांत तो एका सोनेरी माशाचा मालक झाला. काय झालं हे त्याला नीट कळलंही नाही. मालकांनी नंबर विचारला, त्याने सांगितला.

विमलबाईंना हे कळलं ते संध्याकाळी, जेवताना. त्यांनी ताटात वाढलेली भाजी तशीच ठेवली.

“माझ्या नावावर कावून न्हाई केला?” त्यांनी विचारलं.

“तुझं नाव म्हंजे माझंच की. उद्या काई निघालं तर मलाच धरत्याल. बंकटला कोन धरतंय?”

मोहनरावांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. विमलबाईंना मात्र त्या रात्री घास गोड लागला नाही. मासा पेटीतच होता, घरातच होता, काहीच बदललेलं नव्हतं. तरी त्यांना राहून राहून वाटत होतं की आपलं काहीतरी कुणीतरी उचलून नेलंय, आणि विचारायला गेलं तर ते जागेवरच आहे म्हणून दाखवतील.

पण ताकाला जाऊन भांडं लपवलं की ताक मिळत नाही, हे मोहनरावांना लवकरच कळलं. वन खात्याच्या मॅडम मासा तपासायला येणार असा निरोप आला, आणि येणार त्या अर्जातल्या पत्त्यावर. पत्ता अर्थातच बंकटच्या वस्तीचा होता. हनुमानने डोकं खाजवत ही अडचण सांगितली. मोहनरावांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, मग मासा पत्त्यावर न्या. तपासणी झाली की आना माघारी.

विमलबाई कधी नव्हे ते भांडल्या. मासा म्हणजे काय सतरंजी आहे का, लग्नापुरती शेजारी द्यायला? पाणी बदललं तर मरेल, हादरा बसला तर मरेल, घाबरून उडी मारली तर जमिनीवर पडून मरेल. मोहनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि ट्रॅक्टर काढायला सांगितला. मग विमलबाईंनी दुसरा मार्ग धरला. न्यायचाच असेल तर माझ्या पद्धतीने न्यायचा आणि मी बरोबर जाणार, यावर त्या अडून बसल्या.

ते स्थलांतर गावाने पाहिलं. पेटीतलं पाणी सांडू न देता दुधाच्या कॅनमध्ये भरून घेतलं, कारण बाईंना जुनंच पाणी पाहिजे होतं. रिकामी पेटी दोन गाद्यांच्या मध्ये ठेवून ट्रॉलीत चढवली. मासा जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत, अर्धं पाणी अर्धी हवा, आणि पिशवी विमलबाईंच्या मांडीवर. ट्रॅक्टर माणूस चालेल तेवढ्याच वेगाने चालवायचा अशी ताकीद होती. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी, सभापती दौऱ्यावर निघाले वाटतं, असं म्हणून हात जोडले. हनुमानला हसू आवरेना. विमलबाईंचं लक्षच नव्हतं. पिशवीतला मासा एका बाजूला कलंडून पडला होता आणि त्याचे कल्ले भराभरा उघडमीट करत होते. बाई तोंडाने एकसारखं नाव घेत होत्या, देवाचं.

वस्तीवर गेल्यावर पेटी बंकटच्या दारातून आत जाईना. आडवी घातली, उभी घातली, तिरकी घातली. शेवटी शेळ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा केली. शेळ्यांना एका बाजूला बांधलं, दुसऱ्या बाजूला पेटी मांडली, कॅनमधलं पाणी ओतलं, बॅटरीवरचा हवेचा पंप लावला आणि मासा आत सोडला. झाकणावर रतनबाईने, म्हणजे बंकटच्या बायकोने, घरातला पाटा आणून ठेवला, म्हणजे उडी मारायला नको. मासा सरळ झाला. दोनदा काचेला तोंड लावून आला आणि मग पार मागच्या कोपऱ्यात, पत्र्याकडे तोंड करून जो थांबला तो थांबला. पण जिवंत होता. विमलबाई तिथेच पोत्यावर बसल्या आणि त्यांना घामाने भिजल्याचं तेव्हा कळलं.

मॅडम दुसऱ्या दिवशी येणार होत्या. विमलबाई घरी जायला तयार नव्हत्या, त्या वस्तीवरच राहिल्या. सकाळी दोघी बाया शेडमध्ये बसून होत्या. रतनबाई सकाळपासून बोलत नव्हती. भांडी घासताना आदळत होती, शेळीला उगाच दटावत होती. बाईंना वाटलं, आपण येऊन बसल्याचा तिला जाच होतोय. त्यांनी तसं विचारलं, तेव्हा रतनबाई हातातलं काम टाकून समोर येऊन बसली.

“तुमचा जाच न्हाई, बाई. पर एक बोलू का? माझ्या सासऱ्याच्या नावावर थोरल्या मालकांनी जमीन ठिवलती. जमीन तुमची, आन् बीडच्या कोर्टातल्या चकरा त्येंच्या. सालं गेली त्यात. मरताना बी म्हातारा इचारत व्हता, तारीख कवाची हाय म्हनून. आता ह्यो मासा. ह्यो उद्या मेला तर सरकार कुनाला न्येईल? ह्यांलाच की. लई बेजार झाले मी, बाई. झोप न्हाई डोळ्याला.”

विमलबाईंना त्या जमिनीचं माहीत होतं. ते घरात हुशारीची गोष्ट म्हणून सांगितलं जायचं, पाहुण्यांना, हसून. म्हाताऱ्याच्या मरणाचं मात्र त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना रतनबाईकडे बघवेना. त्या उठून पेटीकडे गेल्या. मासा अजून पत्र्याकडे तोंड करूनच होता. त्यांची फार इच्छा झाली काचेला बोट लावायची, पण मॅडमसमोर मासा बाईंच्या मागे फिरायला नको म्हणून मोहनरावांनी बजावून ठेवलं होतं की तू त्याच्याजवळ जायचं नाही. त्या पुन्हा पोत्यावर येऊन बसल्या.

मॅडमचं नाव वर्षाराणी. तिशी-पस्तिशीच्या असतील, जीपमधून उतरल्या तेव्हा उन्हाने चेहरा लाल झालेला. मोहनराव आणि हनुमान आधीच येऊन बांधावरच्या लिंबाखाली उभे होते, मळ्यात सहज चक्कर मारायला आल्यासारखे. विमलबाई म्हणजे मालकीणबाई, मासा बघायला आल्यात, असं बंकटने पाठ केलेलं सांगितलं. मॅडमनी शेड पाहिलं, शेळ्या पाहिल्या, पेटी पाहिली, पेटीवरचा पाटा पाहिला. रतनबाईने दिलेला शेळीच्या दुधाचा चहा त्या आवडीने प्यायल्या.

मग त्यांनी पिशवीतून मुठीत मावेल असं एक यंत्र काढलं. अशा माशाची जिथे पैदास करतात तिथे लहानपणीच त्याच्या पाठीत तांदळाएवढी चिप बसवतात, त्यांनी बंकटला समजावून सांगितलं. हे यंत्र जवळ धरलं की तिचा नंबर येतो. नंबर आला म्हणजे मासा पैदाशीचा, नदीतून पकडून आणलेला नाही, मग काही अडचण नाही. नंबर नाही आला तर त्यांना तसं लिहावं लागेल आणि पुढचं वरचे लोक ठरवतील. मासा इथे राहील का नाही, हे मग मॅडमच्या हातात नाही.

“तर त्याला जरा काचेपाशी बोलवा,” मॅडम म्हणाल्या.

बंकटने पाठ केलेल्या उत्तरांत हे नव्हतं. त्याने एकवार मालकांकडे पाहिलं. मालक लिंबाकडे बघत होते. मग बंकट पेटीपाशी गेला आणि जन्मभर ज्या सवयीने जनावर बोलावत आला त्याच सवयीने त्याने जिभेने टकटक करून हाळी घातली. चारही शेळ्या दावं ओढत त्याच्याकडे आल्या. मासा हलला नाही. बंकटने पुन्हा हाळी घातली. पुन्हा शेळ्याच आल्या. हनुमान तोंडावर रुमाल धरून लिंबाच्या मागे गेला.

मॅडम यंत्र धरून दोन्ही बाजूंनी वाकल्या, पण मासा मागच्या कोपऱ्यात पत्र्याला चिकटलेला, तिथवर यंत्र पोचत नव्हतं. जाळी घालून बाहेर काढावा का, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

जाळीचं नाव ऐकलं आणि विमलबाई उठल्या. मोहनरावांनी खाकरून खूण केली. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्या पेटीपाशी गेल्या आणि काचेला बोट लावलं.

मासा वळला. कालपासून न हललेला तो मासा सगळी पेटी कापत सरळ त्यांच्या बोटापाशी आला, मिशा काचेला टेकवल्या आणि तिथे थांबला. बाईंनी बोट जरासं सरकवलं, तो सरकला. मॅडमनी यंत्र त्याच्या पाठीपाशी धरलं. बारीक आवाज झाला आणि यंत्रावर आकडे उमटले.

“आला नंबर,” मॅडम म्हणाल्या. “मासा पैदाशीचाच आहे.”

विमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा पिल्लाच्या पाठीत कुणीतरी सुई टोचली होती, आणि तिनेच आज त्याला वाचवलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मागे सरल्या. झालं होतं, सगळं निभावलं होतं. आता तोंड मिटून उभं राहिलं की संध्याकाळी मासा घरी, पुन्हा त्याच कोपऱ्यात. मोहनरावांनीही लिंबाखाली खिशातून तंबाखूची डबी काढली.

मॅडमनी कागद पुढे केला आणि बंकटला सही करायला सांगितली. मासा माझा आहे, मी त्याचा सांभाळ करीन, मेला किंवा दुसऱ्याला दिला तर कळवीन, असं त्यात लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं. बंकटने पेन घेतला. रतनबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे विमलबाईंनी एकदा पाहिलं आणि त्यांना पुढचं सगळं दिसलं. हा मासा अजून पुष्कळ वर्षं जगणार होता. तेवढी वर्षं ही बाई रोज वाट बघणार की तो मेल्याचा निरोप कधी येतो. आणि आपण रोज त्याला नाकतोडे घालणार, आपला नसलेल्या माशाला.

“थांब, बंकट,” त्या म्हणाल्या. “मॅडम, मासा त्येचा न्हाई. माझा हाय.”

बंकटचा हात थांबला. मॅडमनी पेन काढून घेतला आणि विचारलं की मग अर्जात हे नाव कसं. खोटी माहिती दिली म्हणून मी मासा जप्त करू शकते, हे त्यांनी शांतपणे, आवाज न चढवता सांगितलं. पण एकदा बोलल्यावर विमलबाईंना थांबता येईना.

“आमच्याकडं रीतच हाय, मॅडम. सुख आपलं आन् नाव दुसऱ्याचं. ह्या बिचाऱ्यांला काई मालूम न्हाई, त्येंला काई करू नका. मासा मी वाढीवलाय. काय करायचं ते मला करा.”

आता मात्र मोहनरावांना लिंबाखाली थांबवेना. ते लगबगीने आले, हात जोडले आणि आपण माजी सभापती असल्याची ओळख करून द्यायला लागले. मॅडमनी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.

“मासा तुमचा आहे का?” त्यांनी विचारलं.

उभ्या हयातीची सवय. सरकारी माणसाने अमुक तुमचं आहे का विचारलं की या घराण्याच्या तोंडून एकच उत्तर येतं, आणि ते विचार करायच्या आत येतं.

“न्हाई न्हाई, मॅडम. माझा न्हाई,” मोहनराव म्हणाले.

“मग बाईंचाच,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

काय होऊन बसलं हे मोहनरावांच्या ध्यानात यायला वेळ लागला. हनुमानच्या आधीच ध्यानात आलं होतं, तो परत झाडामागे गेला.

मॅडमनी कागद घडी करून ठेवला. काय करावं याचा त्यांनी उभ्या उभ्या थोडा विचार केला असावा. मग त्या पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, या महिन्यात त्यांनी ड्रायव्हरच्या नावावरचा पोपट पाहिलाय आणि वारलेल्या सासूच्या नावावरचं कासवही. लोक आपल्या नावावर पाखरू घ्यायलासुद्धा भितात. पण अर्ज अजून मंजूर झालेला नाही, आणि खरं त्यांना आपणहून सांगितलंय, शोधून काढावं लागलेलं नाही. तेव्हा बंकटने हा अर्ज मागे घ्यायचा. मुदत अजून संपलेली नाही. बाईंनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावरून नवा अर्ज करायचा, मॅडम घरी येऊन पुन्हा तपासतील. एवढं सांगून त्यांनी आणखी एक घोट चहा मागितला.

“म्हंजे माझ्या नावावर आता काईच न्हाई ना?” बंकटने विचारलं.

“काहीच नाही.”

बंकटने दोन्ही हात कपाळाला लावले. हातची एवढ्या किमतीची वस्तू गेली म्हणून इतका आनंद झालेला माणूस मॅडमनी तरी पाहिला नसेल. रतनबाई चौकटीतच मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली, का रडायला, ते सांगता येणार नाही. मग उठली, झाकणावरचा पाटा उचलला आणि कुणी सांगायच्या आत दुधाचे कॅन धुवायला घेतले. मासा आजच्या आज गेला पाहिजे होता तिला. जाताना विमलबाईंच्या पदरात तिने भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या. तुझ्या सासऱ्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं गं, एवढंच विमलबाई तिला म्हणाल्या. जाऊ द्या आता, असं रतनबाई म्हणाली आणि ते तिने मनापासून म्हटलं.

परतीचा प्रवास तसाच झाला, फक्त पिशवीतला मासा या वेळी कलंडला नाही. नवा अर्ज त्याच दिवशी गेला. हनुमानने आधार नंबर काकूंचा टाकला आणि शिक्षण, व्यवसाय विचारत गेला. व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ टाकू का म्हणाला, तर काकू म्हणाल्या, शेती टाक, नाकतोडे काय तू धरतोस? पंधरवड्यात मॅडम घरी येऊन गेल्या, यंत्र लावून गेल्या, आणि मग नोंद झाल्याचा निरोप आला तो थेट विमलबाईंच्या मोबाइलवर. त्यांनी तो हनुमानकडून दोनदा वाचून घेतला. छातीवरचा दगड उतरतो म्हणतात तो कसा उतरतो, ते त्यांना त्या दिवशी कळलं. कोपऱ्यात मासा, बाहेर ऊन, आणि कुणाला काही लपवायचं नाही. त्या दुपारी त्या बैठकीतच, भिंतीला टेकून, गाढ झोपल्या.

मोहनरावांनी एवढे दिवस अबोला धरला होता. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत बायकोने तोंड उघडलं हे पचायला वेळ लागत होता. त्या संध्याकाळी ते ओट्यावरून लवकर आत आले, पेटीसमोरच्या खुर्चीत बसले आणि माशाकडे बघत राहिले. विमलबाई शेंगा सोलत होत्या.

“एक सांग,” ते म्हणाले. “नंबर आलता, सगळं जमलतं. बंकटनं सही केली असती की झालं व्हतं. तू मधी बोललीस. आन् त्या मॅडमनं खरंच मासा न्हेला असता तर?”

विमलबाईंनी हातातली शेंग फोडली आणि दाणे परातीत टाकले.

“न्हेला असता तर माझा म्हनून न्हेला असता,” त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने मोहनरावांनीही बाईंच्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि सोलायला लागले.